गाडी भाड्याची, अनामत कुणाची?

शाळांना सुट्टी लागली की रत्नागिरी, खेड, महाड, श्रीवर्धन, भिवंडी, मुंब्रा इथल्या कितीतरी घरांत दुबईच्या सफरीची तयारी सुरू होते. कुणाचा मुलगा तिथे नोकरीला असतो, कुणाचे मामू शारजात, कुणाची बहीण अजमानला दिलेली. पूर्वी घरातला एकटा कमावता माणूस जायचा आणि दोन-दोन वर्षांनी परतायचा. आता अम्मी-अब्बा, सून, नातवंडे अशी सगळी मिळून आठ-दहा दिवसांसाठी जाऊन येतात. तिकीट, व्हिसा, नातेवाईकांसाठी न्यायच्या वस्तू यांचा हिशेब महिनाभर आधी होतो. भाड्याच्या गाडीचा हिशेब मात्र विमानतळावरच्या काउंटरवर उभे राहून, रात्रभराच्या जागरणानंतर, रडणारे मूल कडेवर घेऊन करायची वेळ येते.

त्या काउंटरवर घोळ होतो तो बहुधा भाड्यामुळे नव्हे. भाडे आधीच ठरलेले असते. घोळ होतो तो अनामत रकमेमुळे. ‘क्रेडिट कार्ड नाही तर गाडी नाही’ असे ऐकावे लागते, किंवा गाडी मिळते पण तीन दिवसांनी दुकानात कार्ड चालत नाही, किंवा घरी परतून महिना झाला तरी पैसे अडकलेलेच राहतात. यातले बरेचसे टाळता येते. त्यासाठी हा व्यवहार कसा चालतो ते एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

रोखलेले पैसे आणि कापलेले पैसे

मराठीत आपण ‘अनामत’ म्हणतो तो शब्द मुळात अरबीतल्या ‘अमानत’चेच रूप आहे. विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेली वस्तू म्हणजे अमानत. गाडीच्या व्यवहारात अशा दोन अमानती असतात. कंपनीची गाडी आपल्याकडे आणि आपले पैसे कंपनीच्या हुकुमाखाली.

हे पैसे दोन तऱ्हांनी घेतले जातात आणि दोन्हींत मोठा फरक आहे. पहिली तऱ्हा ‘होल्ड’ची, म्हणजे रोखून ठेवण्याची. कंपनीचे यंत्र आपल्या बँकेला विचारते की या कार्डावर इतकी रक्कम उपलब्ध आहे का. बँक हो म्हणते आणि तेवढी रक्कम बाजूला राखून ठेवते. पैसे कंपनीकडे जात नाहीत, बिलातही येत नाहीत. फक्त कार्डाची वापरण्याजोगी मर्यादा तेवढ्याने कमी होते. गाडी परत दिल्यावर कंपनीने एक तर जेवढे देणे निघते तेवढेच घ्यायचे, किंवा होल्ड सोडल्याचा निरोप बँकेला पाठवायचा. तिने काहीच केले नाही तर ठरावीक मुदत संपल्यावर होल्ड आपोआप गळून पडतो. ही मुदत बँकेनुसार आणि कार्डानुसार बदलते. गाडीच्या होल्डसाठी ती ३० दिवसांपर्यंतही असू शकते.

दुसरी तऱ्हा सरळ वसुलीची. काही कंपन्या अनामत खरेदीसारखी कापून घेतात आणि नंतर परत करतात. यात आपले नुकसान होते. पैसे गेले त्या दिवशीचा दिरहॅमचा भाव एक आणि परत आले त्या दिवशीचा दुसरा. शिवाय परकीय चलनातल्या व्यवहारावर आपल्या बँका साधारण २ ते ३.५ टक्के आकार लावतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी असतो. रक्कम परत आली तरी हा आकार परत मिळेलच असे नाही.

म्हणून काउंटरवरचा पहिला प्रश्न हाच विचारावा: ‘ही रक्कम रोखणार की कापणार?’ उत्तर तोंडी घेऊन थांबू नये. हातात आलेल्या पावतीवर प्री-ऑथोरायझेशन लिहिले आहे की सेल किंवा परचेस, ते सही करण्याआधी वाचावे.

कंपनी पैसे का अडवते

कंपनीवर लगेच संशय घेण्याचे कारण नाही. लाखो रुपयांची गाडी ती एका अनोळखी पाहुण्याच्या हाती देते आणि तो पाहुणा आठ दिवसांत देश सोडून जाणार असतो. त्यानंतर उघडकीला येणारे देणे तिने कुणाकडून वसूल करायचे?

असे देणे दुबईत खरोखरच उशिरा उघडकीला येते. तिथल्या ‘सालिक’ टोलला नाका नसतो आणि थांबायचेही नसते. वरच्या कमानीतून गाडीवरचा टॅग वाचला जातो आणि पैसे कंपनीच्या खात्यातून कापले जातात. २००७ साली सुरू झालेल्या या टोलच्या कमानी आता १० झाल्या आहेत. ३१ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी प्रत्येक वेळेस ६ दिरहॅम आणि इतर वेळी ४ दिरहॅम पडतात, रात्री १ ते पहाटे ६ काहीच पडत नाही. रमजानात या वेळा बदलतात. अबू धाबीचा ‘दर्ब’ टोल निराळा, गर्दीच्या वेळी ४ दिरहॅम. गाडीची कंपनी हे पैसे नंतर आपल्याकडून घेते आणि बहुधा प्रत्येक वेळेमागे थोडा सेवाआकारही जोडते.

वेगाच्या दंडाचेही तसेच. रस्त्यावर कॅमेरे असतात, दंड गाडीच्या नंबरावर लागतो आणि कधी काही दिवसांनी दिसतो. एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुबईत फलकावरच्या वेगापेक्षा ताशी २० किलोमीटरपर्यंत सूट मिळते. अबू धाबीत ती सूट २०१८ च्या ऑगस्टपासून नाही, फलकावर असेल तोच आकडा. सकाळी दुबईहून अबू धाबीची शेख झायेद मशीद पाहायला निघालेली कितीतरी कुटुंबे हद्द ओलांडल्यावरही त्याच वेगाने जात राहतात. दंडाची रक्कम होल्डमधून वळती होते आणि वर कंपनीचा प्रशासकीय आकार लागतो.

म्हणूनच गाडी परत केल्यावर कंपन्या होल्ड लगेच सोडत नाहीत. दोन आठवड्यांपासून महिन्यापर्यंतचा काळ तिथे सर्वसाधारण मानला जातो. नेमके किती दिवस ते करारात लिहिलेले असते. ते वाचून घ्यावे.

हिशेब कागदावर मांडा

समजा छोटी गाडी सात दिवसांसाठी रोज १२० दिरहॅमने घेतली. भाडे ८४० दिरहॅम झाले. त्यावर ५ टक्के व्हॅट धरून ८८२. अनामत १,५०० दिरहॅम धरू, कारण साध्या गाडीला बहुधा १,००० ते २,००० च्या दरम्यान मागतात, मोठ्या गाडीला जास्त. दिरहॅमचा भाव २३ रुपये धरला तर भाड्याचे २०,२८६ आणि होल्डचे ३४,५०० मिळून ५४,७८६ रुपये एकाच कार्डावर पहिल्याच दिवशी पडले. कार्डाची मर्यादा ७५,००० असेल तर आठ दिवसांच्या सफरीसाठी शिल्लक राहिले २०,२१४. त्यातच हॉटेलनेही स्वतःचा होल्ड ठेवला, कारण तिथेही हीच पद्धत आहे, तर कार्ड जवळजवळ संपले. मुलाला ताप आला, दवाखान्यात जावे लागले किंवा परतीचे तिकीट बदलावे लागले, तर नेमके तेव्हाच कार्ड नाकारले जाईल.

डेबिट कार्ड असेल तर परिस्थिती अधिक नाजूक. तिथे उधारीची मर्यादा अडकत नाही, खात्यातली खरी रक्कम अडकते. त्याच खात्यातून महिन्याच्या सुरुवातीला मुलांची फी किंवा घराचा हप्ता जाणार असेल तर तो परत फिरतो आणि बँक दंड लावते. म्हणून अनामतीचे कार्ड वेगळे आणि रोजच्या खर्चाचे कार्ड वेगळे ठेवावे. घरखर्चाच्या खात्याला जोडलेले डेबिट कार्ड अनामतीसाठी पुढे करू नये.

ज्या घरात क्रेडिट कार्ड नाही

आपल्या बऱ्याच घरांत क्रेडिट कार्ड मुद्दाम घेतलेले नसते. कारण उघड आहे, व्याज. हा निर्णय घेणाऱ्या माणसाला काउंटरवरचा तरुण ‘कार्ड नाही?’ असे आश्चर्याने विचारतो तेव्हा संकोच वाटतो. संकोचाचे कारण नाही, पण तयारी मात्र आधीपासून हवी.

आधी एक गोष्ट वेगळी करून पाहू. सफरीत तारण ठेवणे आपल्याला नवे नाही. सूरह बकरहच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे आणि लगेच पुढच्या आयतीत, सफरीत लिहिणारा मिळाला नाही तर तारण ठेवण्याची सोय सांगितली आहे. खुद्द पैगंबरांनी (स.) धान्यासाठी आपले चिलखत तारण ठेवल्याची हदीस प्रसिद्ध आहे. होल्ड हे एका अर्थी तारणच. त्यावर व्याज लागत नाही, कारण पैसे उचललेलेच नसतात. व्याजाचा प्रश्न येतो तो कार्डावर खरी वसुली झाली आणि बिल मुदतीत पूर्ण भरले नाही तेव्हा. मुदतीत पूर्ण रक्कम भरणाऱ्याने असे कार्ड वापरावे की नाही याबद्दल उलेमांत एकमत नाही. काहींना ते चालते. काहींचा आक्षेप करारातल्या व्याजाच्या अटीलाच आहे. फिक्स्ड डिपॉझिटवर मिळणाऱ्या कार्डातही त्या ठेवीच्या व्याजाचा प्रश्न उरतोच. ज्यांच्यावर आपला भरवसा आहे त्या आलिमांना विचारून प्रत्येक घराने आपला निर्णय घ्यावा.

कार्ड न घेण्याचे ठरले तर काय पर्याय उरतात? एक, डेबिट कार्डावर अनामत घेणारी कंपनी शोधणे. अशा कंपन्या आहेत, पण त्या कधी जास्त रक्कम मागतात तर कधी पूर्ण विम्याची सक्ती करतात. दोन, अनामत न घेणारी योजना. यात रोजच्या भाड्यावर थोडी रक्कम जास्त द्यावी लागते आणि ती परत मिळत नाही. चार दिवसांसाठी ती परवडते, पंधरा दिवसांसाठी हिशेब करून पाहावा. तीन, रोख अनामत. काही छोट्या कंपन्या ती घेतात. अशा वेळी शिक्क्याची पावती घ्यावी आणि परतीची तारीख व पद्धत त्यावर लिहून घ्यावी, कारण पैसे परत करण्याच्या तारखेला आपण मुंबईत असू.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. रोख अनामतीसाठी क्रेडिट कार्डावरून एटीएममधून पैसे काढू नयेत, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. आणि पासपोर्ट तारण म्हणून ठेवू नये. तो भारत सरकारची मालमत्ता आहे. झेरॉक्स द्यावी, मूळ पासपोर्ट आपल्याजवळ ठेवावा.

फॉरेक्स कार्डावर विसंबून जाणाऱ्यांनीही आधी विचारावे. भाड्यासाठी ते चालते, पण अनामतीसाठी बऱ्याच कंपन्या प्रीपेड कार्ड घेत नाहीत. रुपे कार्ड असेल तर तेही आधी विचारलेले बरे.

कार्डावर नाव कुणाचे?

अनामतीचे कार्ड मुख्य चालकाच्या नावाचे हवे, असा नियम बहुतेक ठिकाणी आहे. कार्ड अब्बांचे आणि परवाना मुलाचा, असे चालत नाही. आपल्याकडे नावांच्या स्पेलिंगची आणखी एक अडचण असते. पासपोर्टवर मुहम्मद, कार्डावर मोहम्मद आणि परवान्यावर नुसते एम.डी.; किंवा शेख कुठे आधी, कुठे शेवटी. आपल्याला हा एकच माणूस दिसतो, काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला तीन दिसतात. निघण्याआधी पासपोर्ट, परवाना आणि कार्ड शेजारी ठेवून नावे जुळवून पाहावीत आणि बुकिंग पासपोर्टवरच्या नावाने करावे.

भारतीय परवान्यावर गाडी चालवणाऱ्या पाहुण्याला सोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. तो आपल्या आरटीओतून मिळतो. शुल्क १,००० रुपये आणि मुदत एक वर्ष. तोही मुख्य चालकाच्याच नावाचा हवा.

दुबईतल्या नातेवाइकाने आपल्या नावावर गाडी घेऊन द्यावी हा सोपा मार्ग वाटतो. पण मग चालवायची त्यानेच. दुसऱ्याने चालवायची तर त्याचे नाव करारात ‘जादा चालक’ म्हणून लिहून घ्यावे लागते. नाव नसताना अपघात झाला तर विमा हात वर करतो आणि सगळे देणे त्या नातेवाइकावर येते. आपण परतल्यावर आलेले टोल आणि दंडही त्याच्याच कार्डावर पडतात. तो संकोचाने मागत नाही आणि आपल्याला कळतही नाही. असे पैसे विचारून, हिशेब करून पाठवावेत. हा हुकूकुल इबादचा, माणसाच्या माणसावरील हक्काचा मामला आहे.

गाडी घेताना आणि परत देताना

भाड्याची गाडी चालवणारा तिचा अमीन असतो, असे फिकहचे उलेमा सांगतात. स्वतःच्या हलगर्जीपणाने झालेल्या नुकसानीला तो जबाबदार, आधीपासूनच्या ओरखड्याला नाही. पण ओरखडा आधीचा होता हे दाखवता आले पाहिजे. म्हणून किल्ली हातात घेण्याआधी गाडीभोवती फिरून मोबाइलवर एक सलग चित्रफीत काढावी. चारही दरवाजे, बंपर, चाकांच्या कडा, समोरची काच, छत, आतल्या सीट, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. जे ओरखडे दिसतात ते करारातल्या चित्रावर खुणा करून घ्यावेत.

अमिरातीत गाडीला खरचटले तरी पोलिसांचा अहवाल लागतो. अहवाल नसेल तर विमा मिळत नाही आणि गॅरेजवाला गाडी हातात घेत नाही. उभ्या गाडीला कुणी धडकून गेला, चूक आपली नव्हती, तरीही पोलिसांना कळवून अहवाल घ्यावा. ‘किती लहानसा ओरखडा आहे’ म्हणून सोडून दिले तर त्याची भरपाई होल्डमधून जाते.

पैसे देताना यंत्रावर ‘रुपयांत की दिरहॅममध्ये’ असा पर्याय आला तर दिरहॅम निवडावे. रुपयांत दाखवलेला भाव बहुधा महाग पडतो. यंत्राने एकदा नकार दिला आणि कर्मचाऱ्याने पुन्हा-पुन्हा कार्ड लावले तर दोन होल्ड पडले नाहीत ना, हे बँकेच्या अ‍ॅपवर तिथल्या तिथे पाहावे. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशातला वापर सुरुवातीला बंद असतो. तो मुंबईतच चालू करून, मर्यादा वाढवून निघावे.

गाडी परत देताना शक्यतो उजेडात द्यावी, कर्मचाऱ्यासमोर पुन्हा चित्रफीत काढावी आणि ‘गाडी ठीक मिळाली’ असे लिहून घ्यावे. करार, होल्डची पावती आणि त्यावरचा सहा अक्षरी मंजुरी क्रमांक यांचे फोटो जपून ठेवावेत.

पैसे सुटले नाहीत तर

करारातली मुदत उलटली तर आधी कंपनीला ईमेलने लिहावे, फोनने नव्हे. करार क्रमांक, गाडीचा नंबर, परत दिल्याची तारीख आणि मंजुरी क्रमांक द्यावा. कंपनी म्हणते ‘आम्ही सोडले, बँकेने अडवले’ आणि बँक म्हणते ‘कंपनीने सोडलेच नाही’. अशा वेळी कंपनीकडून होल्ड सोडल्याचा लेखी पुरावा मागून तो बँकेला द्यावा. मंजुरी क्रमांकावरून बँकेला नेमका होल्ड सापडतो.

कंपनीने होल्डऐवजी खरी वसुली केली असेल आणि ती चुकीची वाटत असेल, तर टोल, दंड किंवा दुरुस्तीचा पुरावा मागावा. दंड खरोखर होता का, हे दुबई पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून पाहता येते. पुरावा मिळाला नाही तर बँकेकडे त्या व्यवहारावर लेखी हरकत घ्यावी. हरकतीला मुदत असते, म्हणून बिल आल्यावर लगेच पाहावे. आपल्या बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क तक्रार करता येते.

दंड खरा असेल तर तो निमूटपणे भरावा. ‘आता आपण कुठे परत जाणार’ हा विचार आपल्या अमानतदारीत बसत नाही. आणि कोकणातल्या घराला तर पुन्हा जावेच लागते.

गोव्यात आणि आपल्याकडे

आपल्याकडे गोव्यात किंवा मुंबईत गाडी घेताना होल्डचा प्रकार कमी दिसतो. अनामत यूपीआयने किंवा रोखीने दिली जाते आणि ती परत करणे मालकाच्या मर्जीवर राहते. म्हणून यूपीआयने देताना ‘अनामत, परत करायची’ असे टिपणीत लिहावे आणि परतीच्या अटी मेसेजवर मागून घ्याव्यात. स्वतः चालवायच्या अधिकृत भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि त्यावरची अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नये. ती भाड्याने देण्याचा परवाना नसतो आणि अपघातात विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग त्या चार-पाच हजारांच्या अनामतीपेक्षा कितीतरी मोठी रक्कम अंगावर येते.

निघण्याआधी घरात बसून एक कागद करावा. अनामत किती, रोखणार की कापणार, किती दिवसांनी सुटणार, कार्ड कुणाच्या नावाचे आणि होल्ड गेल्यावर हातात किती उरणार. या पाच प्रश्नांची उत्तरे कंपनीकडून ईमेलवर मागून घ्यावीत. एकाचेही उत्तर मिळाले नाही तर दुसरी कंपनी पाहावी. आणि मुक्काम दोन-तीन दिवसांचाच असेल, फिरणे दुबई शहरातच असेल, तर २००९ पासून धावणारी मेट्रो आणि टॅक्सी यांत काम भागते. मग ना दंड, ना होल्ड. अम्मीलाही खिडकीजवळ बसून शहर पाहता येते.